बशी उपडी करणाऱ्या मंडळींस

जुन्या वस्तूंच्या शौकीन मंडळींशी माझे एक जुने भांडण आहे. ते मिटावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. उलट, दिवाळीच्या निमित्ताने ते चार सुज्ञ वाचकांपुढे मांडावे आणि होईल तेवढे वाढवावे, असाच माझा बेत आहे.

भांडणाचा विषय साधा आहे. कोणाच्या तरी घरी फडताळातून एखादी निळी विलायती बशी बाहेर निघते. पाहुण्यांत एखादे जाणते गृहस्थ असतातच. ते ती बशी हाती घेतात आणि तिच्यावरचे चित्र न पाहता, वजन न जोखता, तिच्या काठावरून बोटसुद्धा न फिरवता सरळ उपडी करतात. बुडाशी चार इंग्रजी अक्षरे दिसली, की चेहऱ्यावर ज्ञानाचा प्रकाश पडतो. "अस्सल! दोनशे वर्षांची असणार!" असा निकाल लागतो. अक्षरे दिसली नाहीत, तर बशी परत टेबलावर येते आणि निकाल लागतो, "बाजारी माल." दोन्ही निकालांस मिळून लागलेला वेळ, अर्धे मिनिट.

या रोगाला मी शिक्केभक्ती म्हणते. गेली पंचवीस-तीस वर्षे या निळ्या भांड्यांच्या नादी लागल्यामुळे त्याची लक्षणे मी जवळून पाहिली आहेत. माझे म्हणणे एवढेच, की बुडावरचा शिक्का हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. आणि साक्षीदारही असा, की त्याला मालकाने पगार देऊन उभा केलेला आहे. त्याची साक्ष घ्यावी, पण सर्वांत शेवटी घ्यावी. आणि बाकीच्या साक्षींशी ती जुळली तरच मानावी.

आता कोणी म्हणेल, बशीच्या बुडावरून एवढा गहजब कशासाठी? तर त्याचे कारण सांगते. पुण्यात आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंकडे अशा अकरा बश्या होत्या. त्यांच्या यजमानांच्या आजोबांनी त्या मुंबईत, विलायतेस परत निघालेल्या कोणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतल्या होत्या. चिनी मातीचे भांडे सोवळ्यात चालत नसे. त्यामुळे त्या कधी स्वयंपाकघरात गेल्या नाहीत आणि म्हणूनच धडधाकट राहिल्या. बाईंना औषधपाण्यासाठी पैसे हवे होते. एका दुकानदाराने बश्या उपड्या करून पाहिल्या आणि म्हणाला, "आजी, शिक्का नाही, म्हणजे माल नाही." त्याने दिलेल्या पैशांत स्टीलचा एक डबाही धड आला नसता. महिन्याभरात त्याच बश्या त्याच दुकानात काचेमागे उभ्या होत्या, आणि खाली चिठ्ठी होती एका अतिविख्यात इंग्रज कारखान्याच्या नावाची! घेताना शिक्का हवा आणि विकताना शिक्का नको, असा हा व्यवहार. बाईंना लुबाडले ते एकट्या दुकानदाराने नव्हे. शिक्का म्हणजेच सर्वस्व, असे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पढवणाऱ्या आपणा सर्वांचा त्या पापात वाटा आहे.

तेव्हा आधी ही बशी म्हणजे काय चीज आहे ते पाहू.

इंग्रजीत या भांड्यांना ट्रान्सफरवेअर म्हणतात. आपण ठसा उतरवलेली भांडी म्हणू. त्यांच्यावरचे चित्र कुंचल्याने काढलेले नसते. आधी तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरतात. पत्रा गरम करून त्यावर तेलात खललेला रंग चोळतात, वरचा रंग खरवडून पुसून घेतात. कोरलेल्या रेषांत तेवढा राहतो. मग साबणाच्या पाण्याने ओला केलेला पातळ कागद पत्र्यावर ठेवून दाबाच्या यंत्रातून काढला, की चित्र कागदावर येते. तो कागद कापून एकदा भाजलेल्या, पण झिलई न दिलेल्या बशीवर बसवतात आणि ताठ कुंच्याने घासघासून चित्र मातीत उतरवतात. कागद पाण्याने धुऊन काढतात, भट्टीत घालून तेल जाळून टाकतात, मग झिलई देतात आणि पुन्हा भाजतात. कोबाल्टचा निळा रंग झिलईखालच्या भट्टीच्या आचेत टिकतो, म्हणून आरंभीची बहुतेक भांडी निळी. तपकिरी, हिरवी, गुलाबी ही मंडळी मागाहून, १८२०-३० च्या सुमारास रंगात आली.

या कलेचा पाळणा इंग्लंडात अठराव्या शतकाच्या मध्यात हलला. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी २७ जुलै १७५६ रोजी सहा तासांत बाराशेहून अधिक फरशांवर ठसे उमटवल्याचे प्रतिज्ञापत्र केले. मात्र ते ठसे झिलईच्या वर होते. स्टॅफर्डशायर परगण्यातल्या स्टोक गावी जोसाया स्पोड यांनी १७८४ च्या सुमारास मातीच्या भांड्यांवर झिलईखाली निळा ठसा बसवण्याची रीत पक्की केली आणि हा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. योगायोग पाहा: त्याच १७८४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने चहावरचा कर शेकडा ११९ वरून साडेबारावर आणला. चहा गरिबाघरी शिरला आणि त्यासाठी भांडी हवी झाली. पुढे १७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीने चिनी भांड्यांची घाऊक आयात थांबवली. मोकळी झालेली जागा स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी भरून काढली. चीनची नक्कल करून चीनचीच गिऱ्हाइके पळवली, म्हणा ना!

ही रीत एकदा ध्यानी आली, की बशी स्वतःच बोलू लागते. काठावरची वेलबुट्टी नीट पाहा. कागदाची पट्टी गोल काठावर बसवताना कोठेतरी सांधा येतोच. तिथे अर्धे फूल अर्ध्या पानाला चिकटलेले दिसेल. कुठे कागदाला चुणी पडली असेल तर चित्रात एक पांढरी रेघ दिसेल. ही वैगुण्ये नव्हेत, या जन्मखुणा आहेत. भिंग घेऊन पाहा: हाताने कोरलेल्या ठिपक्यांत आणि रेषांत लहानमोठेपणा असतो. आधुनिक छायाछपाईचे ठिपके कवायतीतल्या शिपायांसारखे एका रांगेत उभे असतात.

मग बोट फिरवा. भट्टीत बश्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये मातीची तीन टोकांची छोटी घोडी ठेवीत. त्या टोकांचे बारीक व्रण बोटाला लागतात. बुडाच्या कड्याजवळ, जिथे झिलई साचते तिथे, निळसर झाक दिसते का ते पाहा. मातीचा पिवळेपणा लपवण्यासाठी झिलईत किंचित कोबाल्ट घालीत. धोतराला नीळ घालतात ना, अगदी तसेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी ही पद्धत जोरात होती. शेवटी वजन जोखा. त्या काळची पातळ मातीची बशी हाताला हलकी लागते. पुढच्या काळातली आयर्नस्टोन म्हणवणारी बशी त्याच आकाराची असून जड. आयर्नस्टोनचे पेटंट चार्ल्स जेम्स मेसन यांनी १८१३ साली घेतले, हे लक्षात असले म्हणजे झाले.

एवढे सगळे झाल्यावर बशी उपडी करावी. मग शिक्का वाचायला माझी ना नाही. पण तो वाचण्याचेही एक शास्त्र आहे, आणि शिक्केभक्तांना नेमके तेच ठाऊक नसते.

पहिला नियम असा, की बहुतेक शिक्के "ही वस्तू याच्या आधीची नाही" एवढेच सांगतात. किती नंतरची, ते सांगत नाहीत. बुडावर 'इंग्लंड' लिहिलेले असेल, तर बशी बहुधा १८९१ नंतरची. का? तर अमेरिकेने मॅकिन्ले जकात कायदा केला आणि आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे मार्च १८९१ पासून भाग पडले. 'मेड इन इंग्लंड' ही तीन अक्षरे सामान्यतः विसाव्या शतकातली. म्हणजे ज्या शब्दांनी आपली मंडळी भारावून जातात, तेच शब्द बशी फार जुनी नसल्याची ग्वाही देत असतात! नावापुढे 'लिमिटेड' असेल तर मर्यादित जबाबदारीचा १८५५ चा कायदा आठवावा. 'ट्रेड मार्क' असेल तर १८६२ चा. सिंह आणि एकशिंगी घोडा यांचे राजचिन्ह असेल, तर ढालीच्या मध्यभागी आणखी एक इवलीशी ढाल आहे का ते पाहावे. ती हॅनोव्हरच्या राज्याची. व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली तेव्हा ते राज्य इंग्लंडच्या मुकुटापासून सुटले आणि ती छोटी ढालही गेली. केवढा मोठा इतिहास नखाएवढ्या जागेत! पण तो पाहण्यासाठी नजर हवी, नुसती श्रद्धा पुरत नाही.

दुसरा नियम, आकड्यांवर भाळू नये. शिक्क्यात सतराशे अमुक असे साल दिसले, की आमचे गृहस्थ आनंदाने उडी मारतात. अहो, ते कारखाना स्थापन झाल्याचे साल असते! आपल्या मिठाईवाल्याच्या पाटीवर स्थापनेचे साल असते म्हणून त्याची बर्फी कोणी शंभर वर्षांची समजत नाही. मग बशीनेच काय घोडे मारले?

तिसरी गंमत आहे नोंदणीच्या चौकटीची. १८४२ ते १८८३ या काळात इंग्लंडात नमुन्यांची सरकारी नोंदणी होत असे आणि त्याची खूण म्हणून हिऱ्याच्या आकाराची एक चौकट भांड्यावर उमटवीत. डोक्यावरच्या वर्तुळात मातीच्या भांड्यांसाठी रोमन चार, आणि चार कोपऱ्यांत साल, महिना, दिवस आणि गठ्ठ्याचा क्रमांक. यात सालाचे अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात असे आणि १८६८ पासून उजवीकडच्या. म्हणजे 'एक्स' हे अक्षर वर असेल तर १८४२ आणि उजवीकडे असेल तर १८६८. एका कोपऱ्याच्या चुकीने सव्वीस वर्षांचा घोटाळा! शिवाय ही तारीख नमुना नोंदवल्याची, बशी घडवल्याची नव्हे. नमुना चालला तर तोच पत्रा पुढे कित्येक वर्षे छापत राहणार. १८८४ पासून चौकट गेली आणि 'आर. डी. नंबर' म्हणून एकपासून सुरू झालेले साधे क्रमांक आले.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम नावांविषयी आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण जणू स्टॅफर्डशायरातच जन्मली असावी. वेजवुड हे नाव सर्वांना ठाऊक. जोसाया वेजवुड यांनी १७५९ साली बर्सलेम येथे काढलेला तो कारखाना. त्याच्या भांड्यावर नुसते 'वेजवुड' असते. पण 'वेजवुड अँड कंपनी' असे असेल, तर ती बहुधा टन्स्टॉल गावच्या इनॉक वेजवुड यांच्या कारखान्याची. १८६० च्या सुमारास सुरू झालेला, साधा घरगुती माल काढणारा. 'जे. वेजवुड' असे असेल तर जोसाया समजू नये. ते जॉन वेज वुड नावाचे तिसरेच गृहस्थ. त्यांच्या आडनावातला हा सोयीस्कर योगायोग त्यांनी पुरेपूर वापरला. आणि स्पेलिंगात मधे एक 'ई' जास्त असेल, तर स्टॉक्टनचे विल्यम स्मिथ अँड कंपनी. त्यांच्याविरुद्ध खऱ्या वेजवुडांनी १८४८ साली कोर्टाकडून मनाई हुकूम मिळवला. तेव्हा बनावट शिक्क्यांचा धंदा आपल्याकडच्या बाजारात जन्मला असे कोणी समजू नये. त्याची गंगोत्री शिक्क्यांच्या माहेरीच आहे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी 'अँड कंपनी'वाली बशी जोसायांची म्हणून घेतली आणि फंडाच्या पैशांतला मोठा लचका गमावला. विकणाऱ्याने शिक्का दाखवला होता, खोटे एक अक्षर सांगितले नव्हते! पुढे १९८० साली जोसायांच्या कंपनीने इनॉकचा कारखाना विकत घेतला. पण म्हणून मागच्या शंभर वर्षांच्या बश्यांची जात बदलत नाही.

आद्याक्षरांविषयी तर बोलूच नये. एकाच आद्याक्षरांचे पाच-पाच कुंभार एका परगण्यात नांदत होते. जेफ्री गॉडेन या संशोधकांनी १९६४ साली ब्रिटिश भांड्यांच्या शिक्क्यांचा मोठा कोश प्रसिद्ध केला. तो उघडून बसले तरी आद्याक्षरांपुढे दोन-तीन नावे उरतात. निवाडा शेवटी माती, झिलई आणि काठाची वेलबुट्टी यांवरच करावा लागतो. पुष्कळदा तर शिक्क्यातले नाव कुंभाराचे नसतेच, नमुन्याचे असते. 'एशियाटिक फेझंट्स', म्हणजे आशियाई रानकोंबड्यांचा फिका निळा नमुना, व्हिक्टोरियाच्या काळात कितीतरी कारखान्यांनी काढला. त्या नावाची 'कंपनी' शोधत फिरणारे विद्वान मी पाहिले आहेत.

आणि ज्यांवर शिक्का नाही त्यांचे काय? अठराव्या शतकाच्या अखेरच्या आणि एकोणिसाव्याच्या आरंभीच्या निळ्या भांड्यांपैकी पुष्कळशी बिनशिक्क्याचीच असत. म्हणजे जी बशी खरोखर वडीलधारी, तीच शिक्केभक्तांच्या लेखी अनाथ! त्या वृद्ध बाईंच्या बश्यांचे जे झाले ते असे झाले.

याउलट शिक्का असूनही नवी, अशा बश्यांचा बाजारात सुकाळ आहे. 'व्हिक्टोरिया वेअर' असे ठसठशीत लिहून सिंह-घोडा छापलेला पसरट निळ्या रंगाचा माल हा आधुनिक आहे. झिलईवर भेगांचे जाळे पाडून त्यांत चहाचा रंग मुरवला, की नातवंड क्षणात आजोबा होते. एक खूण सांगते. खरोखर वापरलेल्या बशीच्या बुडाच्या कड्यावर बारीक, आडवेतिडवे, निरनिराळ्या खोलीचे ओरखडे असतात आणि वरच्या बाजूस सुरी-काट्यांचे. बनवलेल्या म्हातारपणात ओरखडे एकाच दिशेचे, एकाच दिवशी घासलेले असतात.

दुकानदार मंडळींचे दुसरे हत्यार म्हणजे गोष्ट. विलो नमुन्याची बशी बहुतेकांनी पाहिली असेल: वाकलेले झाड, पूल, पुलावर तीन माणसे, आकाशात दोन पक्षी. तिच्याबरोबर एक करुण चिनी प्रेमकथा विकली जाते: श्रीमंताची मुलगी, गरीब कारकून, पळून जाणे आणि अखेर दोघांची पाखरे होणे. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि पाकीट उघडते. वस्तुस्थिती अशी, की नमुना इंग्लंडात १७९० च्या सुमारास चिनी चित्रांवरून जुळवला गेला आणि ही कथा १८४९ साली 'द फॅमिली फ्रेंड' या इंग्रजी मासिकात छापून आली. म्हणजे चित्र आधी आणि 'प्राचीन दंतकथा' साठ वर्षांनी मागाहून! कथा गोड आहे, मुलांना जरूर सांगावी. पण तिचे पैसे मोजू नयेत.

आता माझ्यावर येणाऱ्या आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप आमच्या देशाभिमानी मित्रांचा: "साहेबाच्या उष्ट्या बश्यांचे एवढे कौतुक कशाला? ही गुलामीची निशाणी. फोडून टाका!" मी म्हणते, निशाणी आहे म्हणूनच नीट वाचा. स्पोडच्या कारखान्याने १८१५ च्या सुमारास 'इंडियन स्पोर्टिंग' नावाचा नमुना काढला. बंगालच्या फौजेतले कॅप्टन विल्यमसन आणि चित्रकार सॅम्युएल हॉविट यांच्या १८०७ च्या शिकारग्रंथातली चित्रे बश्यांवर आली. जेवणाच्या मोठ्या बशीवर अस्वलाचा वध, आणखी एका भांड्यावर झाडावरच्या बिबट्याची शिकार! कोठे तरी इंग्लंडातल्या घरी मंडळी रस्सा संपवीत, तो बशीतून हिंदुस्थान वर येई: हत्ती, रानडुकरे, आणि पागोटे घातलेले, नाव नसलेले नोकर. पुढे टन्स्टॉलच्या एडवर्ड चॅलिनर यांनी हीच दृश्ये 'ओरिएंटल स्पोर्ट्स' म्हणून पुन्हा काढली. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी १७८६ ते १७९३ मध्ये हिंदुस्थान फिरून केलेली चित्रे लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम कारखान्याने आपल्या भांड्यांवर घेतली. इतरांच्या पुस्तकांतली चित्रे अशी बिनदिक्कत उचलण्याला १८४२ च्या कॉपीराइट कायद्याने आळा बसला, आणि मग कुंभार काल्पनिक राजवाडे-सरोवरे काढू लागले. राज्यकर्त्याने आपल्याला कोणत्या नजरेने पाहिले, याचा कागद असतो तसाच मातीचाही पुरावा असतो. पुरावा फोडून अन्याय पुसला जात नाही. फक्त तो सिद्ध करणे अवघड होते.

आणि शिक्क्याच्या या देवळात आणखी एक अन्याय गाडलेला आहे. बुडावर नाव मालकाचे. कागद कापणाऱ्या, तो बशीवर बसवून तासन्‌तास घासणाऱ्या बायका-मुलींचे नाव कोठेच नाही. १८४१ साली सॅम्युएल स्क्रिव्हन यांनी स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलांची सरकारतर्फे चौकशी केली; शिशाच्या झिलईत हात बुडवणाऱ्या पोरांच्या कहाण्या त्या अहवालात आहेत. बशीच्या काठावरचा तो चुकलेला सांधा अशाच कोणा मुलीच्या हातचा. मला विचाराल तर खरी सही ती.

दुसरा आक्षेप नव्या जमान्याचा: "मोबाईलवर फोटो काढला की शिक्का ओळखून मिळतो. तुमचे बोट फिरवणे हवे कशाला?" यंत्राला मी नावे ठेवत नाही. पण ते पाहते ते चित्र. वजन, टणत्कार, बुडाची निळसर झाक, बोटाला लागणारे व्रण त्याच्या वाट्याला येत नाहीत. सारखा दिसणारा शिक्का ते दाखवील. तो शिक्का खरा बोलतो की नाही, हे बशी हातात असणारानेच ठरवायचे.

तिसरा आक्षेप व्यवहारी: "शेवटी किंमत किती, ते सांगा." उत्तर स्पष्ट देते. जुनी असेल ती प्रत्येक बशी मोलाची नसते. विलो आणि फेझंट्स लाखांनी निघाल्या, त्या आजही स्वस्त आहेत, आणि स्वस्तच असाव्यात. पण बाजारात मोल नाही म्हणून घरात मोल नाही, असे मानणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. त्याच्याकडे फराळाला जात नाही, एवढेच.

दिवाळीपूर्वी माळे झाडले जातात, फडताळे रिकामी होतात, आणि दारात भंगारवाला उभा असतो. म्हणून चार गोष्टी सांगते, त्या मात्र ऐका. निळी बशी निघाली तर ब्लीचिंग पावडरीने किंवा तारेच्या घासणीने घासू नका. भेगांतून ते पाणी आत शिरते आणि झिलई उखडते. कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. जुन्या झिलईत शिसे असते, तेव्हा तिच्यात लोणचे, चिंच, लिंबू असे आंबट काही ठेवू नका. तुटली असेल तर हाताशी येईल तो डिंक लावू नका, तुकडे कापडात बांधून ठेवा. आणि ती घरात कोणी, कोठून, केव्हा आणली, हे घरातल्या वडील माणसाला विचारून, एका चिठ्ठीवर लिहून तिच्याजवळ ठेवा. ही माहिती कोणत्याही कोशात नाही. ती सांगणारे माणूस गेले, की गेली.

आणि दुकानदार मंडळींना आव्हान. बिनशिक्क्याची बशी विकताना चिठ्ठीवर मोठे नाव लिहायचे असेल, तर ते कशावरून, ते कारण त्याच चिठ्ठीवर लिहा. काठाचा नमुना, मातीचा प्रकार, झिलईची झाक, जे असेल ते. कारण नसेल तर 'बनवणारा अज्ञात' असे लिहा. त्यात कमीपणा नाही. अज्ञात कुंभाराची खरी बशी ही विख्यात कुंभाराच्या खोट्या बशीपेक्षा शतपटीने बरी. आणि गिऱ्हाइकाला तसे सांगणारा दुकानदार तर त्याहूनही दुर्मीळ. तो कोणाला सापडलाच, तर मला जरूर कळवावे. त्याच्या बुडाशी शिक्का आहे की नाही, हे मी पाहणार नाही.